कोरड्या पावडरचा धोका: कार्बन नॅनोट्यूब आणि आपली फुप्फुसं

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची पावडर. तिच्या डब्याबरोबर सेफ्टी डेटा शीट, म्हणजे सुरक्षेच्या माहितीचा कागद, येते, तिचा आठवा विभाग उघडून बघा. हवेत या पदार्थाचं किती प्रमाण चालेल, ते तिथं दिलेलं असतं. अनेक शीटांवर तिथं ग्रॅफाइटचा किंवा कार्बन ब्लॅकचा आकडा उचलून टाकलेला असतो. कार्बन ब्लॅकची अमेरिकेतली कायदेशीर मर्यादा घनमीटरला ३.५ मिलिग्रॅम आहे. कार्बन नॅनोट्यूब आणि नॅनोफायबरसाठी तिथल्याच नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं २०१३ साली जी मर्यादा सुचवली, ती आहे घनमीटरला १ मायक्रोग्रॅम, आठ तासांच्या पाळीची सरासरी धरून. दोन्ही आकड्यांत साडेतीन हजार पटींचं अंतर आहे. ‘शेवटी कोळशाचीच पूड ना’ असं म्हणून हा डबा पंख्याखाली उघडला जातो, त्याचं मूळ बहुतेक वेळा या चुकीच्या आकड्यात असतं.

१ मायक्रोग्रॅम म्हणजे किती, ते मुंबईच्या मापानं बघू. साकीनाक्याला किंवा रबाळ्याला असतो तसा दहा बाय बाराचा गाळा घ्या, उंची दहा फूट. आत हवा साधारण ३४ घनमीटर. म्हणजे अख्ख्या गाळ्यात मिळून ३४ मायक्रोग्रॅम बारीक धूळ तरंगली की मर्यादा गाठली. टेबलावरच्या मिठाचा एक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. इथं तर त्याच्या जेमतेम निम्म्यावरच काम झालं. हलकं काम करणारा माणूस एका पाळीत १० घनमीटरच्या आसपास हवा आत घेतो, म्हणजे मर्यादेतल्या हवेत दिवसभरात १० मायक्रोग्रॅम. आणि चमच्याच्या टोकाला चिकटलेली १ मिलिग्रॅम पावडर नीट मोकळी होऊन हवेत गेली, तर त्या गाळ्यात प्रमाण होतं घनमीटरला सुमारे ३० मायक्रोग्रॅम. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही.

सगळा कार्बन सारखा नसतो, आणि बहुतेक गोंधळ इथंच होतो. दिव्याच्या वातीवर धरलेल्या वाटीत जमते ती काजळी, टायरच्या रबरात घातलेलं कार्बन ब्लॅक, डिझेलच्या धुरातली काळी राख, या सगळ्यांत कार्बनचे बारीक गोल कण एकमेकांना चिकटून द्राक्षाच्या घोसासारखे झुबके झालेले असतात. कार्बन फायबर आणखी वेगळं. मासेमारीच्या गळाच्या काठीत किंवा सायकलच्या भागांत असतो तो धागा ५ ते ७ मायक्रोमीटर जाडीचा. त्याचे तुकडे त्वचेला खाज आणतात, पण इतका जाड धागा वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाच्या बारीक हवेच्या पिशव्यांपर्यंत, सहसा पोहोचत नाही. नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या पत्र्याची गुंडाळी. सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हापासून जग तिच्या मागं लागलं. एकपदरी नळी १ ते २ नॅनोमीटर जाडीची, बहुपदरी नळी १० पासून १०० नॅनोमीटरपर्यंत, आणि लांबी मात्र कित्येक मायक्रोमीटर. जाडी अगदी कमी असल्यानं ती हवेच्या झोताबरोबर खोलवर जाते आणि लांबीमुळे तिथून निघत नाही.

वायुकोशांत सफाईचं काम मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी करतात. धुळीचा कण आला की त्याला वेढून गिळायचं आणि वर श्वासनळीच्या दिशेनं घेऊन जायचं, की पुढं तो कफाबरोबर निघून जातो. माणसातली ही पेशी साधारण १५ ते २० मायक्रोमीटरची. गोल कण कितीही असले तरी एकेक करून गिळता येतात. तिच्याहून लांब आणि ताठ सुई आली की मात्र पेशी ती अर्धवट गिळते, तोंड मिटता येत नाही, आणि आतली पाचक रसायनं व ऑक्सिडंट बाहेर सांडत राहतात. मदतीला आणखी पेशी येतात, त्यांचंही तेच होतं. सूज राहते, मग गाठी तयार होतात, मग तंतुमय ऊतक वाढून पडदा जाड होतो. वायुकोश आणि रक्तवाहिनी यांच्यातला हा पडदा १ मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. ऑक्सिजन त्यातूनच रक्तात जातो. ५ मायक्रोमीटरची ताठ सुई त्यातून आरपार जाऊ शकते, फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणापर्यंतही जाऊ शकते. अॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाची गोष्ट याच वाटेनं जाते, म्हणून त्याच्याशी तुलना होते.

ही तुलना नुसती कल्पना नाही. २००८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी लांब बहुपदरी नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या, तेव्हा लांब अॅस्बेस्टॉससारखीच सूज आणि गाठी दिसल्या. आखूड किंवा गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही. जपानी प्रयोगांत ५० नॅनोमीटरच्या आसपास जाडीच्या ताठ नळ्या आवरणाच्या पेशींत घुसल्या, तर लोकरीच्या गुंड्यासारख्या गुंतलेल्या बारीक नळ्यांना तसं घुसता आलं नाही. २०१६ साली जपानमधूनच उंदरांच्या जातीतल्या मोठ्या प्राण्यांवरचा, म्हणजे रॅटवरचा, दोन वर्षांचा श्वसनप्रयोग प्रसिद्ध झाला. एमडब्ल्यूएनटी-७ या ताठ बहुपदरी नळीच्या घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम प्रमाणाला नर रॅटांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर लक्षणीय वाढला, २ मिलिग्रॅमला माद्यांमध्येही. छातीच्या आवरणाचा कॅन्सर मात्र त्या प्रयोगात दिसला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, आयार्कनं, २०१४ साली एमडब्ल्यूएनटी-७ला ‘माणसात कॅन्सरला कदाचित कारण’ अशा २-ब गटात टाकलं. बाकीच्या बहुपदरी आणि एकपदरी नळ्या ३ऱ्या गटात गेल्या. ३रा गट म्हणजे निर्दोष ठरलेला पदार्थ, असा अर्थ काही विक्रेते लावतात. तो चूक आहे. त्या गटाचा अर्थ पुरावा अपुरा एवढाच. युरोपीय संघानं तर पुढं जाऊन जाडी किमान ३० नॅनोमीटर आणि लांबी किमान ५ मायक्रोमीटर असलेल्या बहुपदरी नळ्यांना कॅन्सरकारक १-ब वर्गात घातलं. पावडर मागवताना विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: जाडी, लांबी, आणि नळ्या ताठ आहेत की गुंतलेल्या. चौथी घ्यायची तर उरलेल्या लोह, निकेल, कोबाल्टचं प्रमाण, कारण हे धातू नळ्या वाढवण्यासाठी वापरलेले असतात आणि फुप्फुसात गेल्यावर त्यांची स्वतंत्र कुरबूर असते. विक्रेता ही माहिती देत नसेल तर ती पावडर लांब आणि ताठ आहे असं धरूनच वागावं.

जुने अहवाल वाचताना एक सावधगिरी. २००४च्या सुमाराच्या प्रयोगांत नळ्या द्रवात घालून थेट श्वासनळीत सोडल्या जात. त्यात मोठे गठ्ठे होते, आणि काही रॅट श्वासमार्ग चोंदून मेले. त्यात नळीच्या विषारीपणाचा भाग नव्हता. पुढं नळ्या नीट मोकळ्या करून दिल्यावर गाठी कमी आणि विखुरलेला फायब्रोसिस जास्त दिसला. म्हणजे गठ्ठा कमी धोकादायक आणि सुटी नळी जास्त. सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिकंपनांनी द्रव हलवणाऱ्या यंत्रात, आपण नेमकं हेच करतो, गठ्ठा फोडून सुट्या नळ्या करतो.

आता मोजमाप, कारण मुंबईत इथं एक खास अडचण आहे. नायॉशची ५०४० क्रमांकाची पद्धत अशी: क्वार्ट्झच्या फिल्टरवरून हवा ओढायची, फिल्टर आधी हीलियममध्ये आणि मग ऑक्सिजनसह तापवायचा, आणि त्यातून मूलद्रव्यी कार्बन किती निघतो ते बघायचं. ही पद्धत नळीचा कार्बन आणि डिझेलचा कार्बन यांत फरक करत नाही. अंधेरी-कुर्ला रोडलगतच्या किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गाळ्याच्या दारातून जी हवा येते, तिच्यात डिझेलच्या राखेचाच मूलद्रव्यी कार्बन घनमीटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर असतो. नुसता आतला नमुना घेतला तर पावडरचा डबा न उघडताही मर्यादा ओलांडलेली दिसेल. उलटंही होतं: ‘मुंबईची हवाच अशी’ म्हणून खरी गळती दुर्लक्षित राहते. म्हणून त्याच दिवशी, त्याच वेळेत तीन नमुने घ्यावेत. एक कामगाराच्या गळपट्टीवर, एक गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला, एक बाहेर रस्त्याच्या बाजूला. सोबत एक वेगळा फिल्टर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. डिझेलची राख तिथं घोसासारखी दिसते, नळी नळीसारखीच. शंकेला जागा उरत नाही. पाळीभराचा नमुना घेतला की दहा मिनिटांच्या डबा उघडण्याचा फटका सरासरीत विरघळून जातो, हे लक्षात ठेवून डबा उघडताना वेगळा छोटा नमुनाही घ्या.

‘सफर’ या हवेचा दर्जा सांगणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या फलकावरचा हवेचा निर्देशांक या कामी उपयोगाचा नाही. पीएम २.५ची आपली दैनिक मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, पण ती वजनाची. १० नॅनोमीटरचे दहा लाख कण मिळून १ मायक्रोमीटरच्या एका कणाएवढे भरतात. वजनाचा काटा त्यांना ओळखतच नाही, आणि २० नॅनोमीटरच्या आसपासचे कण तर श्वासाबरोबर गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे वायुकोशांतच बसतात. रस्त्यावरचं डिझेल यातून सुटत नाही. डिझेलचा धूर २०१२ पासून आयार्कच्या १ल्या, म्हणजे खात्रीनं कॅन्सरकारक, गटात आहे, बाहेरची प्रदूषित हवा २०१३ पासून. पॅरिसमधल्या दमेकरी मुलांच्या फुप्फुसांतून काढलेल्या द्रवात २०१५ साली नॅनोट्यूबसारख्या रचना सापडल्या, वाहनांच्या धुरात आढळतात तशाच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, त्याचं महत्त्व या बारीक काजळीच्या बाजूनंही आहे. पण हा वेगळा विषय. इथं गाळ्यात आणि प्रयोगशाळेत परतू.

सगळ्यात मोठी सुधारणा मागणीच्या कागदावरच होते: कोरडी पावडर मागवू नका. प्लास्टिकसाठी मास्टरबॅचच्या, म्हणजे नळ्या आधीच मिसळलेल्या प्लास्टिकच्या, गोळ्या मिळतात, इपॉक्सीसाठी राळेत आधीच मिसळलेली पेस्ट मिळते, बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी द्रवातलं मिश्रण मिळतं. किलोमागं जास्त पैसे पडतात, पण हवेत उडण्याचा प्रश्न बहुतांशी तिथंच संपतो. कोरडीच हवी असेल तर लागेल तेवढ्याच वजनाची छोटी पाकिटं मागवा, म्हणजे मोठ्या डब्यातून काढून वजन करण्याची पायरीच वगळली जाते.

वजन करावंच लागलं तर ते उघड्या तराजूवर नको. झाकणाची रिकामी बाटली आधी तोला. ती ग्लव्ह बॉक्समध्ये, निदान पारदर्शक बंद पेटीत न्या, तिथं पावडर भरा, झाकण घट्ट लावा, बाहेरून ओल्या फडक्यानं पुसा, मग पुन्हा तोला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पावडरचं वजन. चमचा धातूचा घ्या. प्लास्टिकच्या चमच्यावर स्थिर वीज जमते आणि पावडर उडी मारून हाताला चिकटते. पावसाळ्यात हे कमी जाणवतं, डिसेंबर-जानेवारीत आणि एसीच्या कोरड्या हवेत जास्त.

फ्यूम हूड, म्हणजे हवा आत ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट, असेल तर त्याचा झोत तपासा. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ०.४ ते ०.५ मीटर पुरतो. ‘जास्त ओढलं तर जास्त सुरक्षित’ ही समजूत या पावडरीला लागू पडत नाही. इतकी हलकी पावडर जोराच्या झोतात चमच्यावरूनच उचलली जाते आणि भोवऱ्यात सापडून माणसाच्या चेहऱ्याकडे परतते. आत ज्वालाग्राही द्रव नसताना तोंडाशी एक उदबत्ती धरा. धूर सरळ आत गेला तर ठीक. वळून बाहेर आला, तर वरचा पंखा, समोरचा स्प्लिट एसी किंवा मागून जाणारी माणसं झोत मोडताहेत. पंखा बंद करून पुन्हा बघा. गाळ्याच्या भिंतीतला साधा एक्झॉस्ट फॅन हे काम करत नाही. तो धूळ उचलून पॅसेजमध्ये शेजाऱ्यांकडे ढकलतो.

ओलं करताना होणारी चूक वेगळी आहे. नॅनोट्यूब पाण्याला धरत नाही. पावडरवर साधं पाणी ओतलं की ती वर तरंगते आणि कडेनं उडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा साबणाचं पाणी लागतं, आणि तेही पाकिटातच, कडेनं हळू सोडायचं. वरून धार नको. सोनिकेटर लावताना बीकर झाकलेला हवा, कारण कंपनांनी उडणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांत नळ्या असतात. थेंब सुकला की नळी हवेत मोकळी होते. ‘द्रवात आहे, आता मास्क काढा’ हे इथं चुकतं. अल्कोहोल असेल तर बीकर बर्फात ठेवा, तापू देऊ नका.

सांडलं तर झाडू नाही, आणि कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही. गाळ्यांत दिवस संपताना ब्लो-गननं कपडे झटकायची सवय असते. या एका सवयीत दिवसभराची काळजी वाया जाते. साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं सांडलेल्यावर टाका, बाहेरून आत पुसत आणा, मळकी बाजू आत दुमडा, थेट पिशवीत घाला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. व्हॅक्यूम वापरायचा तर हेपा फिल्टरचाच; साध्याच्या कापडी पिशवीतून बारीक धूळ मागून बाहेर पडते, शिवाय वीजवाहक पावडर मोटरीत गेली की शॉर्ट होतो. हा कचरा महापालिकेच्या गाडीत टाकू नका, घातक कचऱ्याच्या नोंदीनं तळोज्याच्या प्रक्रिया केंद्राकडे द्या. हातमोजे नायट्राइलचे, दोन जोड, वरचा जोड पेटीतच काढायचा. कामाचे कपडे कामाच्या जागीच राहू द्या. अॅस्बेस्टॉसच्या काळात कामगारांच्या कपड्यांवरून घरच्यांना आजार झाले, हे जगभर नोंदलेलं आहे, आणि एका खोलीच्या घरात ते कपडे झटकायला वेगळी जागा नसते.

तयार वस्तू तितकीशी त्रासदायक नाही. राळेत बसलेली नळी नुसत्या हाताळण्यानं सुटत नाही. कापताना, घासताना उडते ती बहुतेक राळेची धूळ, काही कणांतून नळ्यांची टोकं डोकावणारी. तरीही पाणी सोडतच कापा, सॅंडपेपर ओलाच वापरा. लॅमिंग्टन रोडवर टोनर भरणाऱ्यांचा प्रश्न नेहमी येतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात: टोनरचा कण ५ ते १० मायक्रोमीटरचा प्लास्टिकचा, कार्बन ब्लॅक त्याच्या आत अडकलेलं, नॅनोट्यूब त्यात नसते. फुंकर आणि ब्लोअर बंद करा, फडकं थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्यानं टोनर मऊ होऊन चिकटतो.

मास्क सगळ्यात शेवटी येतो, आणि लोक सुरुवात त्यानंच करतात. एन-९५ नॅनोकणांना अडवत नाही, हा गैरसमज आहे. अतिबारीक कण सरळ जात नाहीत, हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि धाग्यांवर आपटून चिकटतात. गळती कापडातून कमी आणि कडेनं जास्त होते. दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. नाकाशी किंवा गालाशी हवा लागली तर पट्टी पुन्हा दाबा. दाढीवर मास्क बसत नाही, कडेला फट पडायला दोन दिवसांची खुंटंही पुरेशी असतात. नीट बसलेल्या एन-९५चं संरक्षण दहापट धरतात: वरच्या उदाहरणातल्या ३० मायक्रोग्रॅमच्या गाळ्यात मास्कच्या आत ३ राहतात, म्हणजे अजूनही मर्यादेच्या तिप्पट. म्हणून मास्क पेटीच्या जागी चालत नाही. तो धुऊ नका, सॅनिटायझर फवारू नका. धाग्यांवरचा विद्युतभार जातो आणि दिसायला तसाच मास्क निकामी होतो. मे महिन्यात घामानं चिंब झालेला मास्क बदला. रुमाल आणि सर्जिकल मास्क या कामाचे नाहीत.

ग्राफीनबद्दल चित्र जरा वेगळं आहे. तो पत्रा, सुई नव्हे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबरोच्या अभ्यासात १४ निरोगी स्वयंसेवकांना शुद्ध, बारीक ग्राफीन ऑक्साइड घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम प्रमाणात दोन तास दिलं. फुप्फुसांच्या कामावर तातडीचा वाईट परिणाम दिसला नाही. हे दोन तासांबद्दल आणि त्या विशिष्ट शुद्ध पदार्थाबद्दल आहे, वर्षानुवर्षांच्या कामाबद्दल नाही. कॅनडाच्या आरोग्य खात्यानं एप्रिल २०२१ मध्ये ग्राफीन लावलेले मास्क वापरू नका असं सांगितलं होतं. तपासणीनंतर काही मास्कांना परवानगी दिली. ‘ग्राफीन’ छापलेला स्वस्त मास्क घेण्यात आम्हाला काहीच फायदा दिसत नाही. साधा आयएस ९४७३ प्रमाणित मास्क घ्यावा.

आणि तपासणी. नळ्यांच्या आजाराची म्हणून वेगळी रक्तचाचणी नाही. काम सुरू करण्याआधी एकदा स्पायरोमेट्री (फुंकून घ्यायची श्वासक्षमतेची चाचणी) आणि छातीचा एक्स-रे करून ठेवा, नंतर ठरावीक काळानं स्पायरोमेट्री. पडदा जाड होऊ लागला की एफव्हीसी (पूर्ण श्वास भरून जोरात सोडलेली एकूण हवा) घटते, पण एफईव्ही-१शी (त्यातली पहिल्या सेकंदातली हवा) तिचं गुणोत्तर बिघडत नाही, त्यामुळे नुसतं गुणोत्तर बघून ‘नॉर्मल’ म्हटलं जातं. डीएलसीओ ही वायूच्या देवघेवीची चाचणी बहुधा आधी घसरते. एक्स-रे सुरुवातीला स्वच्छच असतो. शंका असेल तर एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन. मुंबईत दोन आठवड्यांच्या खोकल्याला आधी थुंकीची टीबीची तपासणी होते, आणि तसंच व्हायला हवं. ती निगेटिव्ह आल्यावर मात्र डॉक्टरांना ‘केमिकलमध्ये काम करतो’ एवढंच सांगून थांबू नका. पदार्थाचं नाव, जाडी-लांबीचा कागद, किती महिने, आठवड्यातून किती वेळा कोरडा डबा उघडला, मास्क कुठला, हे एका पानावर लिहून न्या, आणि सोबत ती पहिली स्पायरोमेट्री. माणूस एकाच वर्षी स्वतःच्या जुन्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांनी खाली आला, तरी तक्त्याप्रमाणे तो ‘नॉर्मल’च्या रेषेवर असू शकतो, जुना कागद नसेल तर ही घसरण कुणालाच दिसत नाही.